नववं प्रकरण काढू नकोस

प्रिय वसू,

तुझं पाकीट येऊन चार महिने झाले. वर लाल पेनाने 'आठवड्यात कळव' असं लिहिलं होतंस आणि मी चार महिने गप्प बसले, याची मनापासून लाज वाटते. तुझ्या युद्धावरच्या विनोदी कादंबरीचं हस्तलिखित दोनदा वाचलं, समासात पेन्सिलीने लिहीतही गेले. पण सोबत ठेवलेली ती प्रकाशकाची चिठ्ठी डोळ्यांसमोर आली की हात थांबायचा. नववं प्रकरण जड होतं, ते काढलं तर पुस्तक शेवटपर्यंत हसतं राहील, असं त्यात आहे. परवा मंगलकडून कळलं की तू ते खरंच काढायला निघाली आहेस, म्हणून आज बसलेच. माझा गुडघा ठीक आहे, अण्णांची साखर आटोक्यात आहे. पुढे.

काढू नकोस, वसू. तिसरं आणि नववं मिळून एकच विनोद आहे. तू तो दोन ठिकाणी ठेवलास, मध्ये पाच प्रकरणं जाऊ दिलीस, आणि आता त्यातला अर्धा टाकून द्यायला निघालीस.

तिसऱ्यात काय होतं ते पुन्हा बघ. शिपाई मरतो. त्याला त्याच्याच ब्लँकेटमध्ये गुंडाळून पुरतात. ब्लँकेट कोठारात जमा झाल्याशिवाय हजेरीपटावरून नाव कमी करता येत नाही. हरवल्याचा अर्ज चालतो, पण त्यावर ज्याच्या नावावर ब्लँकेट आहे त्याचीच सही लागते. म्हणून तो पटावर हजर राहतो, त्याचा शिधा निघतो आणि दर चौथ्या रात्री पहाऱ्याची पाळी त्याच्यावर येते. मी एकटीच बसून मोठ्याने हसले गं. हे जमलंय, कारण यातली कुठलीही पायरी सुटी काढून पाहिली तर ती शहाणपणाची आहे. ब्लँकेटं चोरीला जाऊ नयेत, नव्याने येणाऱ्या पोरांनी कुडकुडू नये, म्हणून कुणा भल्या माणसाने हा नियम केला. तू हे लिहिलंयस, पण प्रकरणाच्या अगदी शेवटी. ते वाक्य उचल आणि पहिल्या पानावर आण.

जोसेफ हेलरच्या 'कॅच-२२' या युद्धकादंबरीतला तो नियम आठव. वेडा झालेल्या माणसाला विमानातून उतरवायचं, ही पहिली पायरी चक्क दयेची आहे. त्यासाठी त्याने स्वतः येऊन विनंती करायची, ही दुसरी. न सांगता डॉक्टरला कळणार कसं? आणि जिवाच्या भीतीने जो विनंती करतो त्याचं डोकं ठिकाणावरच असणार, ही तिसरी. प्रत्येक पायरीला आपण मान डोलावतो आणि मग लक्षात येतं की बाहेर पडायला वाटच उरलेली नाही. तुझ्या पाचव्या प्रकरणात कर्नल 'मरण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी' असा हुकूम काढतो. तिथे पहिलीच पायरी वेडी आहे. वाचक हसेल, पण त्या नियमात स्वतः अडकणार नाही. मला विचारशील तर तो हुकूम वगळ, नाहीतर त्याच्या मागे एखादं पटण्यासारखं कारण उभं कर. उदाहरणार्थ, घरी चुकीची तार जाऊ नये म्हणून केलेली व्यवस्था. मग बघ तो कसा चावतो ते.

आकड्यांचंही तसंच. तू सुटकेसाठी लागणाऱ्या फेऱ्यांची अट दहावरून एकदम हजारावर नेलीस. हजारला काही वजन नसतं, तो नुसता मोठा आवाज आहे. 'कॅच-२२'मधला कर्नल कॅथकार्ट मोहिमांची अट पाच-पाचने वाढवतो: ४०, ४५, ५०, ५५. दर वेळी कुणीतरी सुटकेच्या अगदी जवळ आलेला असतो. हेलर स्वतः बी-२५ बॉम्बफेकी विमानातून ६० मोहिमांवर गेला होता. आणखी पाच म्हणजे किती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

आता कारकून. पान ४१ वर तो म्हणतो, 'जाता जाता सही करायला काय झालं होतं त्याला!' हे वाक्य काढच. आपण विनोद करतोय हे कारकुनाला कळलं की संपलं. तो कळवळ्याने बोलला पाहिजे. त्याने खुर्ची पुढे करावी, पाणी द्यावं, रजिस्टर उलटंपालटं करून खरंच मार्ग शोधावा. हाशेकच्या 'श्वेइक'मधलं, त्या चेक शिपायाच्या कादंबरीतलं, गुप्तलिपीचं प्रकरण तू मला वाचून दाखवलं होतंस, आठवतं? एका कादंबरीच्या दुसऱ्या भागावर सगळी गुप्तलिपी बेतलेली, आणि सगळ्या अधिकाऱ्यांच्या हातात पहिला भाग. कारण पुस्तकं वाटण्याचं काम श्वेइककडे, आणि त्याने सरळ विचार केला की कुठलाही माणूस पुस्तक पहिल्या भागापासून वाचायला घेणार. संपूर्ण पलटणीत बरोबर विचार करणारा तो एकटा, आणि त्यानेच घोळ होतो. हाशेक तिथे डोळा मारत नाही.

यावरून आपलं जोगळेकर सरांच्या जिन्यातलं भांडण आठवलं. श्वेइक सोंग करतो असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचीस की तो प्रश्नच विचारू नये. आठवडाभर बोलत नव्हतो आपण! तुझंच बरोबर होतं. श्वेइकच्या मनात काय चाललंय हे हाशेक सांगत बसत नाही, तो फक्त त्याला बोलू देतो. म्हणूनच वैतागते की तुझ्या सुभेदाराच्या मनातलं तू चार-चार ओळी सांगतेस. तो मनातल्या मनात युद्धाला शिव्या देतो हे आम्हाला कळलं, की त्याचं तोंडावरचं 'होय साहेब' नुसती युक्ती होऊन जातं. ते सगळं स्वगत काढून बघ. 'होय साहेब' एकटं उभं राहील.

दुसऱ्या प्रकरणातली शत्रूच्या बोलण्याची नक्कलही काढ. यावर मी हटून बसणार. शत्रूला हसणं हे प्रचारपत्रकाचं काम आहे, ते दोन्ही बाजूंचे छापखाने करतातच. 'श्वेइक'मध्ये शत्रू जवळजवळ दिसतच नाही. श्वेइक रशियन गणवेश अंगावर चढवून बघतो आणि त्याचेच लोक त्याला रशियन म्हणून कैद करतात. आघाडीवरच्या लढाईपर्यंत कादंबरी पोचतच नाही. १९२३ च्या जानेवारीत हाशेक वारला आणि ती अर्धीच राहिली. आणि मंटोची टिटवालच्या कुत्र्याची गोष्ट घे. भारत-पाक दोन्ही बाजूंचे जवान त्याला वेगवेगळं नाव देतात, गळ्यात पाटी अडकवतात, आणि मग दोन्हीकडून गोळ्या सुटतात. शेवटी एक बाजू म्हणते शहीद झाला, दुसरी म्हणते कुत्र्याची मौत मेला. कुत्रा तोच. यात कुणाच्या बोलण्याची नक्कल नाही, कुणी कुणाहून मूर्ख नाही.

आता खरं दुखणं. पुस्तक शेवटपर्यंत हसतं राहील, हे वाक्य मला झोपू देत नाही. तुझ्या मसुद्यात नवव्यापर्यंत १७ माणसं मरतात आणि सतराही मरणं मजेशीर आहेत. पहिली तीन वाचताना पोटात गोळा येतो. सातव्यापासून आपण फक्त पुढची गंमत काय याची वाट बघतो. नववं काढलंस तर पुस्तक तिथेच राहील, आणि ज्या युद्धाची तुला चीड आहे ते वाचकाला करमणुकीचं वाटेल. तुझा हेतू किती खरा आहे हे मला माहीत आहे, म्हणून एवढं लिहितेय.

स्नोडन या विमानातल्या पोरसवदा सैनिकाचं मरण 'कॅच-२२'मध्ये कसं बसवलंय ते एकदा पेन्सिल घेऊन बघ. त्याचं नाव चौथ्याच प्रकरणात येतं, तेही एका शाब्दिक कोटीत. मग अधूनमधून एखादा तुकडा, आणि पुन्हा दुसरीकडे. सबंध प्रसंग येतो ४२ पैकी ४१ व्या प्रकरणात. कादंबरीचा नायक योसारियन मांडीची जखम बघतो, ती नीट बांधतो, हायसं वाटतं त्याला. मॉर्फिनसाठी प्रथमोपचाराची पेटी उघडतो तर मॉर्फिन नाही. मायलोने, त्या धंदेवाईक मेस-अधिकाऱ्याने, ते काढून नेलंय, जागी चिठ्ठी आहे की मायलोच्या कंपनीच्या भल्यात देशाचं भलं. आपण शेकडो पानं मायलोच्या धंद्यांना हसत आलो. तोच विनोद इथे रिकामी पेटी होऊन समोर येतो. योसारियन त्या पोराला ॲस्पिरिन देतो. आणि खरी जखम चिलखती जाकिटाच्या आत असते. हे ४१ वं काढून टाक आणि मायलो परत वाच. एक गमत्या व्यापारी उरतो.

तुझ्या नवव्यात हेच आहे गं. नवा पोरगा येतो. कोठारातली सगळी ब्लँकेटं पटावरच्या नावांना वाटलेली, त्यात मेलेल्याचंही एक. म्हणून याला नाही. आणि पहाऱ्याची जी पाळी मेलेल्याच्या नावावर आहे, ती रात्री त्याच्या गळ्यात पडते. तिसऱ्यात आपण ज्याला हसलो त्याचं बिल हा पोरगा भरतो. कुणीतरी तुला म्हणेल की स्नोडनही 'थंडी वाजतेय' म्हणतच मरतो. म्हणू दे. तिथे थंडी रक्त गेल्याची आहे, तुझ्याकडे रजिस्टरची.

फक्त नववं आहे तसं ठेवू नकोस. शेवटी मेजर जे दीड पान भाषण करतो ते सगळं खोड. तिथे तू प्रकाशकासारखीच घाबरलीस, वाचकाला कळणार नाही म्हणून. अमेरिकी लेखक व्हॉनेगट १९४५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला युद्धकैदी होता, बॉम्बफेकीत शहर जळालं तेव्हा खाटीकखान्याच्या तळघरात होता म्हणून वाचला. त्याची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' आली १९६९ मध्ये. त्यात शेवटी कुणाचं भाषण नाही. सबंध शहराची राख झाल्यावर एका चाळिशी उलटलेल्या कैद्याला ढिगाऱ्यातली किटली उचलली म्हणून रीतसर खटला चालवून गोळी घालतात. बस, एवढंच. आणि प्रत्येक मरणानंतर तो 'सो इट गोज' हे तेच छोटं वाक्य ठेवतो, शंभराहून जास्त वेळा, माणसाला तेच आणि बुडबुडे गेलेल्या शॅम्पेनलाही तेच.

तुझं 'नोंद झाली' हे तसं वापरता येईल. सध्या ते फक्त माणसांच्या मरणानंतर येतं. मेलेल्या खेचराला दे, फुटलेल्या कंदिलाला दे, संपलेल्या शाईला दे. वाचकाच्या कानाला सवय होऊ दे. आणि नवव्यात ते अजिबात लिहू नकोस.

मला सुचलेला शेवट सांगते, पटला तर घे. सकाळी कारकून रजिस्टर घेऊन येतो. मागच्या ब्लँकेटच्या भानगडीने तो पोळलेला आहे, म्हणून भीत भीत पान उघडतो. या पोराच्या नावावर ब्लँकेटच नाही. म्हणजे काही येणं नाही, अर्ज नको, सही नको. नाव लगेच कमी करता येतं. त्याला मनापासून हायसं वाटू दे, बाकीच्यांना तो सांगू दे की या वेळी काही त्रास झाला नाही. पट्टी ठेवून तो सरळ रेघ मारतो. खाली एक ओळ कोरी सोड आणि प्रकरण संपव.

मसुदा उद्या स्पीड पोस्टाने टाकते. पेन्सिलीच्या खुणा पुसू नकोस, फोनवर एकेक बघू. प्रकाशकाला नाही म्हणायचं धैर्य होत नसेल तर मला कळव, मी बोलते.

चिनूची परीक्षा संपली असेल ना? नव्या जागेत सामान लागलं का? आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं मंगल म्हणाली, त्यांना नमस्कार सांग. तू स्वतः कशी आहेस ते दोन ओळींत लिही, पाकिटात फक्त कादंबरीच होती.

तुझी,
कुंदा

ता. क. पान ८६ दोनदा आलंय आणि ८७ नाहीच. पूल उडाल्यावर त्या खेचराचं काय झालं ते मला कळलंच नाही, पान पाठव.