क्लच बसला, पण गिअर पडेना

संपादक महोदय,

क्लच प्लेट घरच्या घरी कशी बदलायची हे हल्ली पेपरातली गाड्यांची सदरं, व्हिडिओ सगळीकडे सांगतात, पण सगळं जोडून झालं आणि गिअरच पडेना तर काय बघायचं यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. मग माणूस वैतागून गिअरबॉक्स परत खाली उतरवतो आणि दोष निघतो बाहेरच. म्हणून हे पत्र.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत अलगद पडतायत पण चालू केल्यावर अडतात, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, तर बिचाऱ्या गिअरबॉक्सचा काही दोष नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाहीये. बंद गाडीतही पडत नसतील तर गिअर लिव्हरची केबल नाहीतर लिंकेज (लिव्हर गिअरबॉक्सला जोडणारे दांडे) नीट बसलेलं नाही. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर पेडल भराभर पंप करा आणि लगेच गिअर टाका, तेव्हा पडला तर लाइनमध्ये एअर आहे, ब्लीडिंग करायचं, म्हणजे ती हवा बाहेर काढायची, आणि ते करताना डब्यातलं ऑइल खाली जाऊ द्यायचं नाही कारण बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचा डबा एकच असतो (आणि ते ऑइल रंगावर सांडलं तर रंग गेला समजा). वायरवाला क्लच असेल तर वायरचा फ्री प्ले (ताण येण्याआधीची ढिलाई) बघा, जास्त ढिली असेल तर क्लच सुटत नाही, आणि अगदी ताणून बसवली तर उलटा प्रकार, क्लच स्लिप होतो, म्हणजे टॉप गिअरमध्ये रेस दिली की आरपीएम चढतो आणि स्पीड तिथल्या तिथेच.

हे सगळं ठीक असूनही क्लच सुटत नसेल तरच गिअरबॉक्स उतरवायचा, आणि तेव्हा सगळ्यात आधी प्लेट उलटी तर बसली नाही ना ते बघा. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची (इंजिनच्या जड चाकाची) बाजू कुठली ते छापलेलं असतं, घाईत कोण वाचतं? दुसरं म्हणजे बसवताना गिअरबॉक्सचं वजन त्याच्या इनपुट शाफ्टवरून (प्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्यावरून) प्लेटवर लटकलं तर प्लेट वाकते. दिसायला नवी कोरी, पण क्लच दाबला तरी कुठेतरी घासतच राहते.

गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर प्लेटला ग्रीस किंवा ऑइलचा हात लागलाय का, प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले होते का, आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट राहिले तर नाहीत ना, हे आठवा. पेडल दाबल्यावर आवाज येतो तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येतो आणि दाबलं की बंद होतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघा.

आणि स्टार्टरच फिरत नसेल तर क्लचला हात लावू नका, बऱ्याचदा गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी जोडायची राहिलेली असते.

तुमच्या सदरात क्लच बसवायची माहिती जेव्हा कधी छापाल तेव्हा खाली हा भागही द्या, जागा नसेल तर फोटो एक कमी करा.

आपला,
एक वाचक