तिठ्यावरच्या मिस्त्रीकाकांना उघड पत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात वेळेत पोचल्या, भावही बरा मिळाला, हे फोनवर सांगितलंच आहे. पण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘रवांदे आता, गाडी सांभाळून चालव’ म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम चारचौघांत. हापूसच्या हंगामात देवगड, राजापूर, रत्नागिरीकडून माल भरून रात्री 66 नंबरच्या महामार्गाला लागणारे आम्ही पुष्कळ गाडीवाले आहोत. तुम्ही नेमकं काय केलंत, ते त्या सगळ्यांना कळावं असं मनापासून वाटतं.

त्या दिवशी वाशीला जाताना तिठ्यावर माझी गाडी अडली. पुढच्या डाव्या चाकातून घरघर येत होती आणि हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, हात लावला तर चटका बसत होता. बेअरिंग गेलं हे कोणीही सांगितलं असतं. नवं बेअरिंग कणकवलीहून आलंही. अडलं ते हत्याराशी. चाकाचे नट खोलायचा पाना प्रत्येक गाडीत असतो, पण हबच्या आतला मोठा नट खोलायला लागणारा बॉक्स पाना वाटेवरच्या गॅरेजांत क्वचितच सापडतो. ज्या गॅरेजसमोर गाडी उभी होती तिथे छिन्नी-हातोडा काढून झाला होता. तुम्ही पानटपरीवरून उठून आलात आणि म्हणालात, ‘छिन्नी लावू नको हां. नटाक पानोच व्हयो.’

त्या एका वाक्याने माझे किती पैसे वाचले ते मला नंतर कळलं. छिन्नीने नटाचे कोपरे जातात, घाव निसटला तर स्टब एक्सलचे, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्याचे, आटे जातात, आणि मग हजारांतलं काम कुठल्या कुठे जातं.

एस.टी.च्या आगारातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या पडवीत प्रत्येक हत्यार आपल्या खिळ्यावर, तेलाचा हात फिरवलेलं. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असताना लोखंड असं राखणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तो जाड बॉक्स पाना आणि तो फिरवायची लांब दांडी, टॉमी, तर तुम्ही न मागता माझ्या हातात दिलीत. वर हेही बजावलंत की गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हबला हात लावायचा नाही, आणि टेकूला चिऱ्यांची थप्पी तर मुळीच नाही, कारण जांभा वजनाखाली न सांगता फुटतो. लाकडी ठोकळे आणि लोखंडी घोड्या तुमच्याच घरून आल्या.

मग तो पितळी पंच, म्हणजे ठोकायची कांब. भंगारात निघालेल्या मच्छीमार बोटीच्या दांड्यातून तुम्ही स्वतः कापून घेतलेला, टोकाला फुलासारखा पसरलेला. बेअरिंगचा जुना कप, म्हणजे त्याची बाहेरची कडी, हबमधून काढताना तुम्ही एकदा इकडून, एकदा तिकडून हलके घाव घालत होता आणि कप सरळ रेषेत खाली सरकत होता. पोलादी पंच का नको, तेही तुम्ही सांगितलंत. कपाचं पोलाद कडक असतं, कडकावर कडक आपटलं की टवका उडतो, आणि उडाला तर डोळ्यात जातो. पितळ मऊ, मार स्वतः खातं.

नवा कप बसवायची युक्ती मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. तुम्ही तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून समोरच्या मासळीवाल्या मावशींच्या बर्फाच्या पेटीत ठेवायला लावलात. मी नंतर हिशेब केला: शंभर मिलिमीटर व्यासाची पोलादी रिंग तीस अंशांनी गार झाली की साधारण 0.03 मिलिमीटरने आक्रसते. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसणाऱ्या कपाला तेवढी सवलत पुष्कळ होते. बाहेर काढून दव पुसलं, जुनाच कप बाहेरून थोडा घासून वर ठेवला, त्यावर ठोकलं, आणि ठोक्याचा आवाज बदलला तसे तुम्ही थांबलात. कप तळाला टेकला की आवाज भरीव होतो, हे कान तुमच्याचकडे आहेत.

बाकी काम भराभर झालं. जुनं ग्रीस पांढरट पडलं होतं, म्हणजे ऑइल सीलमधून पाणी शिरलं होतं. ते डिझेलने धुऊन, कोरडं करून नवं ग्रीस रोलरच्या आतपर्यंत तळहाताने दाबून भरलं, सील नवंच घातलं. शेवटी हब फिरवत फिरवत नट आवळला, जरा मागे घेतला, भोक जुळल्यावर नट अडवणारी स्प्लिट पिन. हबची चाल, म्हणजे तो आत-बाहेर किती हलतो ते, मोजायला तुम्ही डायल गेज हे काट्याचं बारीक मापक लावलंत. अवजड गाडीला ती 0.025 ते 0.125 मिलिमीटरच्या दरम्यान धरतात, आणि गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा, असं म्हणालात. हाताने चाक हलवून ‘ठीक आहे’ म्हणणारे मी खूप पाहिलेत. रस्त्याकडेला डायल गेज लावणारे तुम्हीच.

पैसे घेतले नाहीत. आंबेही ‘घरात हत ते खावक माणसा नाय’ म्हणून परत करायला निघालात, पण काकींनी पेटी ठेवून घेतली याचा मला फार आनंद आहे.

आता एक काम आहे. तुमच्या पान्याच्या मापाचा एक पाना मी कणकवलीत लेथवर करून घेतोय, पितळी पंचही. पुढच्या खेपेला दोन्ही घेऊन येतो. नटावर पाना नीट बसतो का आणि पंचाची जाडी पुरेशी आहे का, ते तुम्ही बघून सांगा. तुम्ही हो म्हटलं की ते आमच्या भागातल्या गाडीवाल्यांसाठी तिठ्यावरच्या टपरीत ठेवायचं ठरलंय, टपरीवाल्या दादांनी जागा दिली आहे.

काकींना नमस्कार.

तुमचा,
देवगडचा गाडीवाला