सिस्टर, तुम्ही आईची नाडी पुरता मिनिटभर धरलीत

सप्रेम नमस्कार सिस्टर,

गेल्या श्रावणात आई नेहमीसारखी प्रेशरच्या गोळ्या न्यायला डिचोली तालुक्यातल्या तुमच्या आरोग्य केंद्रात आली. मशीन दोनदा लावलं, दोन्ही वेळा आकडे वेगळे. तिसऱ्यांदा लावून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही आईचं मनगट हातात घेतलंत आणि घड्याळाकडे बघत पुरता मिनिटभर नाडी मोजलीत. मग ड्रॉवरमधून बोटभर लांबीची ती ईसीजीची पट्टी काढलीत, जिच्यावर दोन्ही अंगठे ठेवले की हृदयाच्या ठोक्यांची रेघ मोबाइलवर दिसते.

आईचे अंगठे सुपाऱ्या सोलून सोलून राठ झालेले, त्यात भीतीने हात थरथरत होते. पहिली रेघ नुसती गिचमिड आली. तुम्ही ओल्या कापसाने अंगठे पुसलेत, हात टेबलावर टेकवलेत. "मावशी, ३० सेकंद बोलायचं नाही हं." मोबाइलवर रेघ उमटली. तुम्ही बोट ठेवून मला दाखवलंत: दोन ठोक्यांमधलं अंतर कुठे लांब, कुठे आखूड, आणि ठोक्याआधीची छोटी लाट गायबच.

एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट. आईला जिना चढताना दम लागायचा. एका ठिकाणी दाखवलंही होतं, "वय झालं" एवढंच उत्तर मिळालं. ते ऐकून मी गप्प बसले, याची खंत अजून जात नाही.

पट्टीने फक्त इशारा दिलाय, असं सांगून तुम्ही लगेच डॉक्टरांकडे नेलंत. छातीला आणि हातापायांना तारा लावून काढतात तो बारा लीडचा पूर्ण ईसीजी निघाला तेव्हा खात्री झाली. या पट्टीवर हार्ट अटॅक ओळखता येत नाही, छातीत दुखलं तर तिच्या भरवशावर न राहता सरळ १०८ला फोन करा, हेही तुम्ही बजावलंत. पुढे बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदयाच्या झडपा ठीक निघाल्या, रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली.

सकाळी पूजेआधी एक, तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर एक. अजून एकही चुकलेली नाही. आणि तुमच्याकडे यायच्या दिवशी आई घरातूनच अंगठ्यांना खोबरेल चोळून निघते. तेल नको, पाणी लावायचं, हे तिला आता तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही.

तुमची ऋणी,
मावशींची मुलगी