विमानातून उतरलेल्या मुलाला टॅक्सीतही पट्टा हवा: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

विमानतळापासून शहर किती मिनिटांवर आहे, हा आकडा प्रत्येक मोठ्या शहराला मिरवायला आवडतो. तो काढताना डोळ्यांसमोर असतो एकटा प्रवासी: एक बॅग, हात मोकळे, पाय झरझर चालणारे. लहान मुलांना घेऊन उतरलेल्या आईबापांना दहा मिनिटे इकडेतिकडे झाल्याचे काही वाटत नाही. त्यांना मूल सुखरूप पोचवायचे असते, आणि नेमकी तिथेच व्यवस्था हात वर करते. विमानतळावरच्या टॅक्सीत मुलांना बांधून बसवायची खास सीट, म्हणजे चाइल्ड सीट, मिळावी म्हणून मी हे लिहिते आहे.

विमानात मुलांबाबतचे नियम किती कडक असतात हे आपण पाहिलेच असेल. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा लागतो. उड्डाणाआधी आणि उतरण्याआधी कर्मचारी ओळीओळीने येऊन पट्टे तपासतात. मूल रडून आकांत करत असले तरी पट्टा सोडू देत नाहीत. पालक कुरकुरतात, पण ऐकतात. मग विमान थांबते, सामान मिळते, काचेचे दार उघडते आणि समोर टॅक्सीची रांग असते. त्या टॅक्सीत तेच मूल आईच्या मांडीवर बसते आणि गाडी महामार्गाला लागून ताशी ८० किलोमीटरने पळू लागते. अख्ख्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा हाच आणि त्यात मुलाच्या अंगावर पट्टा म्हणून काहीच नाही.

मांडीवर घट्ट धरले की मूल सुरक्षित, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण साधा हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या साधारण चौदापट जोर येतो. दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला त्या क्षणी १४० किलो पेलण्याइतकी ताकद लागेल. ती कुणाच्याच हातांत नसते. एकच पट्टा आई आणि बाळ दोघांवरून घेतला तर आणखी वाईट, कारण मग आईचे सगळे वजन बाळाला पट्ट्यावर चिरडते.

तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसायचे आसन तयार केले, ते याच नाजूक मानेसाठी. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा सगळा जोर पाठीवर घेतात, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. संयुक्त राष्ट्रांचा चाइल्ड सीटबद्दलचा ‘आर १२९’ हा नियम २०१३ मध्ये आला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या सीटमध्ये मूल किमान १५ महिन्यांचे होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवावे लागते. अमेरिकेचे महामार्ग सुरक्षा प्रशासन सांगते की मोटारीत चाइल्ड सीट वापरल्याने एक वर्षाखालच्या बाळांचा अपघाती मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. एवढा फरक पाडणारी वस्तू विमानतळाच्या दारात मिळू नये, हे मला पटत नाही.

कायदे करणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नाही. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, मोटारीत चाइल्ड सीट सक्तीची आहे. पण टॅक्सीत सीट नसेल तर तीन वर्षांखालचे मूल मागच्या बाकावर पट्ट्याशिवाय नेता येते. न्यूयॉर्कच्या टॅक्सीत सात वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाच्या मांडीवर बसवायची परवानगी आहे. सिंगापूरनेही टॅक्सीला या सक्तीतून वगळले आहे. मुलांच्या सुरक्षेची काळजी घेणारी शहरे टॅक्सीपाशी आली की थबकतात. कारण मला समजते. रस्त्यात हात दाखवून थांबवलेल्या टॅक्सीत कोणत्या वयाचे मूल चढेल हे चालकाला माहीत नसते आणि सगळ्या मापांच्या सीट घेऊन तो फिरू शकत नाही. तिथे सूट देण्यावाचून इलाज नाही, हे मी मान्य करते.

पण विमानतळ म्हणजे रस्त्याचा कोपरा नव्हे. इथे कोणते विमान केव्हा उतरणार हे आधी माहीत असते. त्यात किती लहान मुले आहेत हे विमान कंपनीला तिकीट काढल्या दिवसापासून माहीत असते. सगळे प्रवासी मोजक्या दारांतून बाहेर पडतात आणि टॅक्सीसाठी ठरलेल्या जागी उभे राहतात. चाइल्ड सीट पुरवायला याहून सोयीची जागा अख्ख्या शहरात सापडणार नाही. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी विमानतळावर व्हीलचेअर हजर असते, ती ढकलायला माणूस असतो, आणि त्याबद्दल कुणी ‘तुमची तुम्ही का आणली नाही’ असे विचारत नाही. तान्ह्या मुलाच्या आईला मात्र हाच प्रश्न विचारला जातो.

स्वतःची सीट आणणारे पालकही असतात. बहुतेक विमान कंपन्या ती फुकट नेतात. पण ती बोजड असते, सामानाबरोबर आदळआपट होऊन आतून तडकली तर वरून कळत नाही, आणि एका टॅक्सीच्या फेरीसाठी आणलेली ती वस्तू पुढे सगळा मुक्कामभर सांभाळावी लागते. एवढे करून टॅक्सीत बसवायला जावे, तर मागच्या बाकाच्या बेल्टचे बक्कल कव्हराखाली गाडलेले. मी ते बोटांनी उकरून काढत असताना मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकले आहेत आणि चालकाचा चढत गेलेला आवाजही. त्या चालकाचा मला राग नाही. रांगेत एकेका मिनिटाची घाई त्याच्या पोटाशी बांधलेली असते. म्हणूनच हा भार त्याच्यावर टाकू नका, एवढे मी मुद्दाम सांगते. सीट विकत घेण्याची सक्ती चालकावर केलीत, तर मूल दिसताच तो दुसरीकडे पाहील.

सीट विमानतळाने ठेवाव्यात, टॅक्सीच्या रांगेच्या तोंडाशीच. तीन प्रकार पुरतात: तान्ह्यांसाठी मागे तोंड करून बसवायची, त्यापुढच्यांसाठी पुढे तोंड असलेली, आणि मोठ्या मुलांसाठी बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक. त्या बसवायला शिकवलेला माणूस चोवीस तास हवा, रात्री तर हवाच, कारण लांब पल्ल्याची कितीतरी विमाने अवेळी उतरतात आणि तेव्हा झोपेने पेंगुळलेले मूल, थकलेले आईबाप आणि मोकळ्या रस्त्यावरचा वेग हे सगळे एकत्र येते. कुटुंबांची रांग थोडी बाजूला घेतली की सीट बसवेपर्यंत कुणाचा खोळंबा होणार नाही.

सीट परत कशी येणार, ही शंका आपले अधिकारी पहिल्यांदा काढतील. विमानतळाच्या परवान्यावर चालणारी टॅक्सी शहरात प्रवासी सोडून परत विमानतळावरच येते. तिच्याबरोबर सीटही परत येईल. तिथे ती पुसली जावी, पट्टे तपासले जावेत, अपघातात सापडलेली किंवा वापराची मुदत संपलेली सीट बाद व्हावी. परतीच्या मोकळ्या फेरीचा वेळ चालकाला भरून द्यावा लागला तर तो विमानतळाने द्यावा. हे पैसे त्या कुटुंबाच्या बिलात ‘विशेष सेवा’ म्हणून लावू नका. तसे झाले तर ज्याला परवडेल त्याचेच मूल बांधलेले असेल.

टॅक्सीबद्दल एवढे लिहिले, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. मला विचाराल तर लहान मुलांसाठी उत्तम साधन रेल्वेच. तिथे पट्टा लागत नाही, मूल बाबागाडीतून न उठता शहरात पोचते. हाँगकाँगची विमानतळ रेल्वे १९९८ पासून धावते आणि तिथे सामानाची ट्रॉली थेट फलाटापर्यंत नेता येते. हीथ्रो विमानतळाला शहराशी जोडणाऱ्या लंडनच्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाच्या प्रत्येक स्थानकात रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येते. पॅरिसची १४ क्रमांकाची मेट्रो जून २०२४ मध्ये ऑर्ली विमानतळापर्यंत पोचली. या मार्गावर सगळीकडे लिफ्ट आहेत, पण गाडी बदलून जुन्या मार्गावर गेलात की बहुतेक ठिकाणी पुन्हा जिने. बाबागाडी, दोन बॅगा आणि हात सोडून पळणारे मूल घेऊन सरकत्या जिन्यावर चढणे धोक्याचे आहे. तिथे लिफ्टला पर्याय नाही. म्हणून कोणत्या स्थानकाची लिफ्ट आज बंद आहे हे विमानतळाच्या आगमन कक्षातच लिहिलेले दिसावे. भुयारात उतरल्यावर ते समजून उपयोग काय? आणि शेवटची गाडी निघून गेल्यावर उतरणाऱ्या कुटुंबाला टॅक्सीशिवाय मार्ग नसतो, म्हणून मी पुन्हा त्या रांगेपाशी येते.

महोदय, यासाठी मोठा कायदा बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही. टॅक्सींना सरसकट दिलेली सूट शहरात जिथे आहे तिथे राहू द्या. विमानतळावर टॅक्सीसेवा चालवण्याचा करार पुढच्या वेळी नव्याने होईल, तेव्हा त्यात दोन अटी घाला: मूल असलेल्या प्रवाशाला मागितल्यावर योग्य मापाची, बसवलेली सीट मिळेल, आणि विमानतळाच्या प्रत्येक टॅक्सीत मागच्या बाकाचे बेल्ट व बक्कल वापरता येईल असे उघडे असेल. दुसऱ्या अटीला खर्च असा काहीच नाही. ती उद्यापासून तपासता येईल. पहिलीची सुरुवात सर्वांत गर्दीच्या विमानतळावर करा, आणि किती कुटुंबांनी सीट मागितली, किती जणांना मिळाली, किती जणांना नाही, हे दर महिन्याला जाहीर करा.

या अटींचा मसुदा आपल्या खात्याने हरकती व सूचनांसाठी खुला केला, तर मी माझ्या सूचना लेखी देईन आणि माझ्यासारख्या इतर पालकांनाही द्यायला सांगेन. मसुदा केव्हा येईल, एवढे कृपया कळवावे.

आपली,
लहान मुलांना घेऊन प्रवास करणारी एक आई