बेडकांचे डोळे आणि 2017 चे इंजेक्शन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आनुवंशिक अंधत्वावरच्या जनुकोपचाराचा लेख वाचला. माहिती चोख आहे. पण लेख वाचून वाटते की 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे इंजेक्शन कुणाला तरी परवाच सुचले. शिवाय ‘बेडकांच्या डोळ्यांवर संशोधन करून काय मिळते’ असा टोमणा त्याच पानावर कोपऱ्यात आहे. जीवशास्त्र शिकवण्यात उमेद खर्ची घातलेल्या माणसाला हे गप्प बसू देत नाही.

जॉर्ज वाल्ड हा न्यूयॉर्कचा तरुण 1932 मध्ये डॉक्टरेट मिळवून बर्लिनला गेला आणि तिथे त्याला दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व सापडले. त्याच्या अभावाने रातांधळेपणा येतो हे ठाऊक होते. ते डोळ्यात नेमके करते काय, हे ठाऊक नव्हते. 1933 च्या उन्हाळ्यात तो हायडेलबर्गला होता. वरिष्ठ मंडळी सुट्टीवर, आणि अशात प्रयोगशाळेत 300 बेडूक येऊन पडले. मदतनीस ते सोडून द्यायला निघाला होता. वाल्डने मागून घेतले.

अंधारात ठेवलेल्या बेडकाचे दृष्टिपटल मंद लाल दिव्यात सोलून काढायचे, कारण दंडपेशींना, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींना, लाल उजेड जेमतेम जाणवतो. ते गुलाबी-लाल दिसते. उजेडात आणले की पिवळट होते, मग रंगच उडतो. वाल्डला कळले की पिवळ्या टप्प्यावर एक नवा पदार्थ सुटा होतो आणि शेवटी हाती उरते ते अ जीवनसत्त्व. त्या पदार्थाला आज आपण रेटिनाल म्हणतो. रंग उडाल्याचे तर फ्रान्झ बोल यांनी 1876 मध्येच पाहिले होते, पण बिचारे तिशीतच क्षयाने गेले.

पुढची तीसेक वर्षे वाल्ड हार्वर्डला रंग उडण्याच्या आणि परत येण्याच्या याच एका चक्राभोवती फिरत राहिले. चक्राचा कळीचा दुवा मात्र त्यांच्या सहकारी रूथ हबर्ड यांच्या कामातून सापडला: दंडपेशीतल्या प्रथिनात बसलेला रेटिनालचा रेणू वाकडा असतो आणि प्रकाश त्याला फक्त सरळ करतो. पुढचे सगळे आपोआप घडते. 1967 चे नोबेल वाल्ड, ग्रॅनिट आणि हार्टलाइन यांना मिळाले. हबर्ड यांना हार्वर्डमध्ये प्राध्यापकाची कायम जागा मिळायला 1974 उजाडले, तीही त्या विभागातल्या पहिल्या स्त्री म्हणून. वाल्ड यांचे चरित्र सांगताना हे गाळू नये असे मला वाटते.

आता तुमच्या लेखाकडे येतो. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकडा करावा लागतो, नाहीतर दंडपेशी दुसऱ्यांदा उजेड टिपणार कशा? ते काम करणारे विकर म्हणजेच आरपीई65, आणि त्याचाच जनुक लेखातले अंधत्व असलेल्या मुलांमध्ये बिघडलेला असतो. इंजेक्शनमधून जातो तो त्याच जनुकाचा धड नमुना. लेखात यावर ‘डोळ्यांना आवश्यक प्रथिन’ एवढेच तीन शब्द आहेत.

कळावे,
एक निवृत्त शिक्षक

ता.क. लेखासोबतच्या चित्रात दंडपेशी आणि शंकुपेशींची नावे उलटी पडली आहेत. टोकाशी निमुळत्या त्या शंकुपेशी. मुले हेच चित्र वहीत उतरवतील, तेव्हा दुरुस्ती छापावी.