काकांचं निम्मं म्हणणं खरं आहे

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

काल फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात, म्हणून हे लिहायला बसले. मला कळलं ते एवढंच: आई मोकाट मांजरांना खायला घालते म्हणून तळमजल्यावरच्या काकांनी तिला जिन्यात गाठून सुनावलं, आईने त्यांना उलट सुनावलं, बाबा मध्ये पडले आणि त्यांनी दोघांनाही सुनावलं. आता कुणी कुणाशी बोलत नाही. आणि काकूंनी म्हणे जाता जाता ‘एकदा विषच घालते’ असं म्हटलं. त्या शेवटच्या वाक्यामुळे पत्र लांबणार आहे. चष्मा लावून निवांत वाचा, आणि आई, अर्ध्यावर चिडून ठेवून देऊ नकोस.

कारण तुला न आवडणारं आधी सांगते. काकांचं निम्मं म्हणणं खरं आहे. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस, मांजरं राहतात त्यांच्या खिडकीखाली. बोके हद्द आखायला भिंतीवर फवारे मारतात, तो उग्र वास तुझ्यापर्यंत येतच नाही. रात्री दोन वाजता बोक्यांचं जुंपतं ते त्यांच्या उशाशी. आणि मांजराला भुसभुशीत माती दिसली की ती आपल्यासाठीच उकरून ठेवली आहे असं वाटतं, मग तो काकांचा वाफा असला तरी. तू प्रेमाने खायला घालतेस हे खरं, पण नंतरचं सगळं त्यांच्या दारात होतं.

शिवाय त्यांची सून गरोदर आहे. काकूंचा राग खरा तिथून आलाय, विषाचा शब्दही. कुणीतरी त्यांना टोक्सोप्लाझ्माची भीती घातली असणार. भीती अगदीच बिनबुडाची नाही. तो परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला अपाय होऊ शकतो. पण काकूंना पुढचंही सांगायला हवं. मांजर सहसा त्याला पहिल्यांदा लागण होते तेव्हाच एक ते तीन आठवडे हे जंतू बाहेर टाकतं. बाहेर पडल्यावरही ते लगेच बाधत नाहीत, त्याला एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणजे घाण रोजच्या रोज उचलली तर धोका खूपच उतरतो. सुनेने मातीत हात घालू नये, घालायचाच तर हातमोजे घालून. भाज्या नीट धुवाव्यात, अर्धकच्चं मांस खाऊ नये, आणि शंका असेल तर डॉक्टर रक्त तपासून सांगतात. हे काकूंना तू सांगायला जा, आई. पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. खुरपं, पिशवी आणि हातमोजे घेऊन जा, आणि ‘वाफा रोज सकाळी मी साफ करते’ हे पहिलं वाक्य असू दे. परजीवीचं पुराण त्यानंतर.

आता मी तुम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत हेच झालं होतं. सगळ्यांनी मिळून एका माणसाला पैसे दिले आणि ‘मांजरं पकडून लांब सोडून ये’ म्हणून सांगितलं. त्या कागदावर माझीही सही आहे. अकरा मांजरं गेली. एक करडी मांजर महिन्याभराने पाय ओढत परत आली. बाकीच्या दहांचं काय झालं ते मी विचारलं नाही. न विचारणंच सोयीचं होतं. सहा महिन्यांत नवी नऊ आली, आणि ती जुन्यांपेक्षा बुजरी, आजारी. कचऱ्याचं पिंप तसंच उघडं, जिन्याखालची कोरडी जागा तशीच मोकळी. आम्ही फक्त भाडेकरू बदलले होते.

बाबा, तुम्हाला इतिहास लागतो म्हणून हे. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, मॅरियन नावाचं एक बेट आहे. तिथल्या हवामान केंद्रात उंदीर झाले म्हणून १९४९ साली पाच मांजरं नेली. १९७७ पर्यंत त्यांची झाली सुमारे ३,४००, आणि ती वर्षाला चार लाखांहून अधिक समुद्रपक्षी मारत असावीत असा अंदाज होता. मग माणसांनी रोगाचा विषाणू सोडला, रात्री बंदुका घेऊन फिरले, सापळे लावले, विषही वापरलं. शेवटची मांजरं संपायला १९९१ उजाडलं. पुढे उंदीर एवढे माजले की ते घरट्यात बसलेल्या अल्बट्रॉसना जिवंत कुरतडायला लागले. मांजरं पक्ष्यांचा फडशा पाडतात हे खोटं नाही, आई, हे तूही ऐक. पण चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर जे काम चौदा वर्षं चाललं, ते काकूंची विषाची पुडी गल्लीत कसं करणार? गल्लीला समुद्र नाही. एक मांजर मेलं की पलीकडच्या गल्लीतलं येतं.

आणि विष काही नाव वाचून घशाखाली उतरत नाही. कुणाचं कुत्रं खाईल, रांगणारं पोर तोंडात घालेल. उंदरांसाठी जे रक्त गोठू न देणारं विष मिळतं, त्याने मेलेला उंदीर खाऊन घुबडंही मरतात, आणि रात्री सगळ्यात जास्त उंदीर खाणारी तीच. काकांनी वाफ्यात टाकलेल्या डांबराच्या गोळ्याही उचलायला सांगा. त्या विषारीच असतात, आणि मांजरं चार दिवसांत त्यांना सरावतात. त्यापेक्षा वाफ्यावर जाळी आडवी पसरा किंवा बोटभर अंतरावर काटक्या उभ्या खोचा. उकरायला जागा उरली नाही की मांजर वैतागून दुसरीकडे जातं.

खरं काम मात्र नसबंदीचं. पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, त्याच जागी परत सोडायचं. भूल असतानाच कानाचं टोक, बहुधा डाव्या, सरळ कापतात. म्हणजे लांबूनही कळतं की हिचं झालंय आणि तिला पुन्हा सापळ्यात घालायला नको. फवारे, रात्रीची युद्धं बरीच कमी होतात. पण दोन-चार मांजरींचं करून हुश्श म्हणायचं नाही. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, आणि पाच-सहा महिन्यांची पोर स्वतः गाभण राहते. दोन राहिल्या तरी वर्षात होतं तसं होतं.

आई, हे लिहायला जड जातंय. मागच्या उन्हाळ्यात तू मला पिल्लं मोजून सांगायचीस. आधी सात, मग पाच, मग दोन. नंतर तू आकडा सांगायचं सोडलंस आणि मीही विचारलं नाही. मोकाट मांजरींची पिल्लं मोजत राहणाऱ्या एका अभ्यासात चारातली तीन पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली होती. खाणं मिळतं म्हणून ती जन्माला येतात, आणि मग आजाराने, चाकाखाली जातात. खाऊ घालणं थांबव असं मी म्हणत नाही. नुसतंच खाऊ घालणं थांबव, एवढंच.

तर उद्यापासून ताटली दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी, मागच्या भिंतीपाशी, काकांच्या खिडकीपासून लांब. अर्ध्या तासाने उचलायची, पुसायची. रात्रभर ठेवलेल्या ताटलीवर उंदीर-घुशी जेवतात, आणि मग तूच म्हणतेस घुशी फार झाल्या. वेळेची सवय लागली की सापळ्यात पकडणंही सोपं जातं. मांजरं वेळेवर येतात आणि आपल्याला मोजता येतात.

हाताने एकालाही पकडायचं नाही. अजिबात नाही. मांजराचा दात सुईसारखा, जखम वरून मिटते आणि आत पू होतो. बाबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर लांबच राहायचं. कुणाला चावलं, ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रेबीजच्या बाबतीत ‘उद्या बघू’ नाही.

मी शनिवारी येते. दोन सापळे मिळालेत, जनावरांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. तोवर आईने यादी करावी: किती मांजरी, किती बोके, कुणाचं पोट दिसतंय, कुणाचा कान आधीच कापलेला आहे. जुन्या चादरी काढून ठेवा, सापळा झाकला की आतलं जनावर शांत होतं. आणि यादी करताना काकांना सोबत घे. रात्री कोण कुठे ओरडतं ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, आईला वाचून दाखवताना हे गाळलंत तरी चालेल. गच्चीत तुम्ही कबुतरांना रोज दाणे टाकता. उरलेले दाणे रात्री उंदीर खातात, आणि उंदरांमागे मांजरं वर चढतात. काकांच्या खिडकीवर जी घाण पडते ती मांजरांची नाही, तुमच्या पाहुण्यांची आहे. तुम्ही ती कोरडीच झाडता. तिची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसाला सूज येते, आणि तुमचा खोकला आता चार महिन्यांचा झाला. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून पुसा, आणि दाणे बंद करा. शनिवारी मी तुमच्या छातीचा फोटो काढायलाही नेणार आहे. त्याबद्दल भांडायचं असेल तर आत्ताच फोन करा.