ऊसतोडीच्या तळावरून

पलूस, जि. सांगली

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, आता एक रुपयाला पाळीचं पॅड मिळतं, मग बायकांचं अडतं कुठं? तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

जनऔषधी केंद्रात ऑगस्ट 2019 पासून 'सुविधा' पॅड रुपयाला मिळतं, हे खरंच. त्याच्या आदल्या वर्षी पॅडवरचा जीएसटीही उठला. पण बीडकडून ऊसतोडीला आलेली बाई पहाटे अंधारात फडात शिरते, ती केंद्रापर्यंत जाणार कधी? नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला जोडी एकच धरायची, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच अंगावर. एक खाडा झाला की मजुरी बुडते आणि वर दंड. मग पाळी असो नसो, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढायचंच.

तळावरच्या एका लेकुरवाळीनं मला तिची पाळीत वापरायची घडी दाखवली. जुन्या साडीचा तुकडा, तोही सिंथेटिक. टिपत काहीच नाही, नुसता ओला होतो आणि मांड्या सोलून काढतो. आपल्या आज्यांची सुती लुगडी तरी होती गं! धुणं अंधार पडल्यावर, पाटाच्या पाण्यात. वाळत घालायचं कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या आत, परकराखाली लपवून. उन्हाचं नाव नाही. मग खाज, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, आणि शेवटी कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाका. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्याची कारणं अनेक आहेत, पण न चुकवता येणारा खाडा त्यात आहेच.

म्हणून नुसते पॅड वाटून फोटो काढले की माझं डोकं फिरतं. वापरलेलं टाकायचं कुठं, पाचटात? तळावर संडास हवा, पाणी हवं, आणि पाळीच्या दिवसाचा खाडा धरू नये. कारखान्याकडे हे मी मागत राहणार.

तोवर एक काम कर. इचलकरंजीत सुती कापडाचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात का, विचार. रंग गडद बघ, म्हणजे डाग दिसणार नाहीत आणि त्या उघड्यावर वाळत घालतील. त्याच्या घड्या शिवायला आमच्या बचत गटातल्या बायका तयार आहेत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळ्या गावी परततील, तेव्हा या आठवड्यातच कळव.

तुझी,
शोभा